'पेडिग्री'ला तुमच्याकडे काय म्हणतात? (कुत्र्याचं खाणं सोडून)

उंबरठा · नागपूर · शनिवार, रात्री ९:४०

काल संध्याकाळी गोकुळपेठेत पाळीव प्राण्यांच्या एका दुकानात गेले होते. भाच्याला लॅब्रॅडॉर हवाय, आणि घरातली चौकशीची कामं नेहमी माझ्याच गळ्यात पडतात. काउंटरवरच्या पोराला विचारलं, "पेडिग्री आहे का?"

"तीन किलोची देऊ का दहाची?"

"खाणं नाही रे. पिल्लाची पेडिग्री."

"पिल्लांचीच देतो ना ताई. पिल्लांची वेगळी येते, दाणा बारीक असते."

त्याचं काही चुकलं नव्हतं. मीच गेले पंधरा दिवस या शब्दाशी झटतेय, म्हणून जास्त लागलं. पशुपालकांसाठीच्या एका पुस्तिकेचं मराठी करतेय. पानं बत्तीस आणि 'पेडिग्री' एकोणीस वेळा. कुठे त्याचा अर्थ कागद, कुठे रक्त, कुठे वळू निवडायची रीत, तर कुठे नुसतं विशेषण, 'पेडिग्री बुल'. शासकीय शब्द 'वंशावळ' आहे हे मला ठाऊक आहे. पण वंशावळ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे शपथपत्र आणि सेतू केंद्राची रांग येते. वळू काही येत नाही.

तुमच्या घरात, गोठ्यात, दवाखान्यात काय म्हणतात ते सांगा. शब्दकोशातलं नको, तो माझ्यासमोर उघडाच आहे.

तर्रीवाला · शनिवार, रात्री १०:०५

ताई, आमच्या घरी पेडिग्री म्हंजे खाणंच. आमचा मोत्या पक्का गावठी, सक्करदऱ्याच्या नालीपाशी सापडलेला. बाबा रोज त्याच्यापुढे वाटी ठेवते अन् म्हणते, "याच्या सात पिढ्यात कोणाले पेडिग्री नव्हती, याले वाटीभर भेटून राहिली." मोत्या ते सोडते अन् बाबाच्याच पोह्यावर डोळा ठेवून बसते.

शब्दपाखरू · पुणे, मूळ धंतोली · शनिवार, रात्री ११:३०

या शब्दाचं स्वतःचंच खानदान मोठं मजेदार आहे, म्हणून झोप सोडून लिहितोय.

पेडिग्री हा मुळात प्राण्यांचा शब्दच नाही. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला तो नॉर्मन फ्रेंचमधून इंग्रजीत आला. मूळ रूप 'पे द ग्रू', म्हणजे करकोच्याचा पाय. त्या काळी सरदार घराण्यांच्या वंशावळी चर्मपत्रावर लिहीत. बापाच्या नावाखालून मुलांच्या नावांकडे ज्या रेघा ओढत, त्या फाकलेल्या तीन बोटांसारख्या दिसत. कुणाला तरी त्यात करकोच्याचं पाऊल दिसलं. आधी ते चिन्हाचं नाव झालं, मग त्या तक्त्याचं, मग तक्त्यातल्या कुळाचं. घोड्या-कुत्र्यांपर्यंत हा शब्द पोचला तो १६०० च्या सुमाराला, म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षांनी. उमरावांचा शब्द त्यांच्या तबेल्यात गेला आणि आता तो तीन किलोच्या पिशवीवर येऊन बसलाय.

फ्रेंच लोक तर स्वतःचीच वस्तू इंग्रजांकडून परत घेऊन आज 'पेडिग्रे' म्हणतात. त्यांच्याकडे करकोच्याचा पाय करणं याचा अर्थ उरला तो ताटकळत उभं राहणं. सेतू केंद्राशी नातं इथेही आहेच बघा.

सारसवाट · गोंदिया · रविवार, सकाळी ६:५०

शब्दपाखरू, सकाळी सकाळी खूश केलंत. आमच्याकडे धानाच्या बांध्यांत सारस उतरतात. महाराष्ट्रात आता ते बघायचे तर गोंदिया आणि आसपासच्या पट्ट्यातच. त्यांच्यासाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली, ते तुम्ही पेपरात वाचलं असेलच.

सारस करकोच्याच्याच कुळातला, माणसाएवढा उंच. चिखलात त्याचं पाऊल उमटतं तेव्हा तीन रेघा दिसतात. मधली सरळ, दोन बाजूंना फाकलेल्या. मागचं बोट असतं, पण ते इतकं वर असतं की जमिनीला टेकत नाही. बगळ्याचं तसं नाही. त्याचं मागचं बोट लांब, ते मागे चौथी रेघ मारतं. चिखलातला ठसा बगळ्याचा का सारसाचा हे आम्ही त्यावरूनच ओळखतो. त्या जुन्या कारकुनाला पाऊल नक्की कुणाचं ते माहीत होतं. बगळ्याचा पाय म्हटला असता तर वंशावळीत एक रेघ उलटी गेली असती.

उंबरठा · रविवार, सकाळी ९:१५

सारसवाट, हे मला कुठल्याच कोशात मिळालं नसतं. पण गाडी अजून गोठ्यात शिरलेली नाही.

गोठा_नंबर_चार · वर्धा जिल्हा · रविवार, दुपारी १:२०

उंबरठाताई, मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली, बहुतेक कारंजा-आर्वीच्या बाजूला. आता निवृत्त. जरा सविस्तर लिहितो, जेवण झालंय आणि लाइट गेलेली आहे.

वळू दूध देत नाही. सगळी गोम इथे आहे. बैल दिसायला कितीही देखणा असो, त्याच्यापासून झालेली कालवड पुढे किती दूध देईल हे त्याच्या अंगावर कुठे लिहिलेलं नसतं. मग विचारायचं कोणाला? त्याच्या मायला. त्याच्या बापाच्या मायला. मायच्या बहिणींना. त्यांची वेतामागची दुधाची नोंद असेल तर तिच्यावरून अंदाज बांधायचा. पुस्तकात याला वंशावळीनुसार निवड म्हणतात, कॉलेजातली पोरं पेडिग्री सिलेक्शन म्हणतात. शेतकरी यातलं काहीच म्हणत नाही. तो बांधावर उभा राहून एकच प्रश्न करतो, "याची माय किती देत होती?" तुमच्या एकोणीसपैकी निम्म्या जागी हाच अर्थ असणार.

पण हा अंदाजच. मायचं अर्धं येतं आणि ते अर्धं कोणतं हे आपल्या हातात नाही. एकाच मायचे दोन भाऊ, एक तहसीलदार अन् एक पानठेल्यावर, हे आपण बघतोच. म्हणून त्याच्या पुढची पायरी संतती चाचणी. वळूच्या मुलींचंच दूध मोजायचं. कालवड जन्मायला सव्वानऊ महिने, ती मोठी होऊन व्यायला तीनेक वर्षं, वर एका वेताचं दूध मोजायला दहा महिने. पाच वर्षं तर सहज जातात. तोवर वळू म्हातारा होतो, कधी मरूनही जातो. पण त्याच्या वीर्याच्या कांड्या उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमध्ये तशाच असतात. मेलेल्या बैलाच्या कालवडी मी स्वतः जन्मताना पाहिल्यात. एका म्हातारीनं मला विचारलं होतं, "बाप मेला म्हणता, मग हिचं सुतक कोणी धरायचं?"

कांडी म्हणजे बॉलपेनच्या रिफिलएवढी नळी, आत पाव मिलिलिटर माल. तिच्यावर बारीक अक्षरात वळूचा नंबर, जात, तारीख छापलेली असते. शेतकऱ्याच्या गायीच्या बापाचा एवढाच कागद. वितळवली, भरली, की नळी आम्ही उकिरड्यावर फेकायचो. आता विचार केला की वाटतं, पेडिग्रीच फेकत होतो. नंबर वहीत उतरवला नाही तर त्या कालवडीचा बाप गेला तो गेलाच.

उंबरठा · रविवार, दुपारी २:०५

गोठाकाका, साष्टांग. 'मायचं दूध' मी आत्ताच तक्त्यात लिहून टाकलं. तिथे मूळ इंग्रजीत 'डॅम्स यील्ड' आहे. पहिला खर्डा यंत्राकडून करून घेतला होता, त्यानं त्याचं 'धरणाचे उत्पन्न' केलं होतं. वळूच्या पात्रतेच्या रकान्यात धरण! तोतलाडोहचं पाणी बघून बैल निवडायचा.

शब्दपाखरू · रविवार, दुपारी २:३०

तो 'डॅम' म्हणजे 'डेम', बाईसाहेब. जनावराची आई झाल्यावर तिचा एक स्वर गेला. बाप मात्र 'सायर' राहिला, राजाला हाक मारायचा तोच शब्द.

महाल_मधलीआळी · रविवार, संध्याकाळी ५:४५

एवढा खल कशाला? आपल्याकडे सरळ शब्द आहे, जातिवंत. जातिवंत घोडा, जातिवंत बैल. पेडिग्री बुल म्हणजे जातिवंत वळू. संपलं.

निळीशाई · रविवार, संध्याकाळी ६:२०

संपलं नाही, दादा. दोन अडचणी आहेत, एक भाषेची आणि एक माझी.

भाषेची आधी. जातिवंत म्हणजे त्या जातीची लक्षणं अंगावर असलेला. ते डोळ्यांनी ठरतं, कानावरून, शिंगावरून, चालीवरून. पेडिग्री कागदावर ठरते. दिसायला अगदी जातिवंत असलेल्या बैलाला पेडिग्री नसू शकते, आणि पेडिग्री असलेलं कुत्रं दिसायला यथातथा निघू शकतं. दोन्हीला एकच शब्द वापरला तर पुस्तिका वाचणारा चांगल्या शिंगांवर पैसे लावून बसेल.

माझी अडचण अशी की मी दीक्षाभूमीपासून चालत दहा मिनिटांवर राहते. कुत्र्याला जातिवंत म्हणा, मला काही नाही. 'जातिवंत कलावंत' आणि 'हलक्या जातीचं जनावर' हे एकाच तोंडातून लागोपाठ ऐकू आलं की मी कान टवकारते. आपण जनावरांना माणसांचे शब्द लावले की माणसांचे जनावरांना, हे आता सांगता येणार नाही, पण दोन्ही एकाच दावणीला बांधलेत एवढं खरं.

महाल_मधलीआळी · रविवार, संध्याकाळी ६:४०

भाषेची अडचण मान्य, ताई. दुसऱ्या अडचणीवर मला विचार करावा लागेल. घाईत उत्तर देत नाही.

बुधवारपेठी · रविवार, संध्याकाळी ७:१०

दावणीवरून आठवलं. 'गोत्र' या शब्दाचा मूळ अर्थ गाईंचं कुंपण, गोठा. एका कुंपणातल्या गाई राखणारे ते एका गोत्राचे. इंग्रजांनी कुळासाठी करकोचा पकडला, आपण गाय.

षड्ज · रविवार, रात्री ९:००

इंग्रजीत हा शब्द आता कुठेही लावतात. पुढाऱ्याची पेडिग्री, कंपनीची पेडिग्री, आमच्या ऑफिसात 'त्याची पेडिग्री आयआयटीची आहे' असंही म्हणतात. तिथे रक्ताचा संबंधच नसतो, आला कुठून एवढंच विचारायचं असतं. अशा जागी मराठीत 'घराणं' बसतं. अब्दुल करीम खाँसाहेब, त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, त्यांचे शिष्य भीमसेन जोशी. एकाच्याही रक्ताचा दुसऱ्याशी संबंध नाही, तरी किराणा घराणं म्हटलं की तीन पिढ्या कानात वाजतात. वळूला मात्र घराणं लावू नका, तंबोरा घेऊन बसलेला दिसेल.

पस्तावलेला_पग · मानेवाडा · रविवार, रात्री ११:१५

कागदावर ठरते असं निळीशाईताई म्हणतात, तर माझ्या कागदाची गोष्ट ऐका.

चार वर्षांपूर्वी पग घेतला. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही. त्यानं 'पेपरवाला' आणि 'बिनपेपरवाला' असे दोन भाव सांगितले. हे या धंद्यातले शब्द, पेडिग्री कोणी म्हणत नाही. मी पेपरवाला घेतला. दोन महिन्यांनी लॅमिनेट केलेला कागद आला. वर शिक्का, खाली आई-बाप, त्यांचे आई-बाप, सगळ्यांची नावं लंडनच्या सरदारांसारखी. बायकोनं तो फ्रेम करायचा ठरवला. फ्रेमवाल्याकडे रांगेत उभा असताना मी पहिल्यांदा तारखा वाचल्या. पिल्लाची जन्मतारीख आणि त्याच्या आईची जन्मतारीख यांच्यात सात महिन्यांचं अंतर! कुत्री साधारण त्रेसष्ट दिवस गाभण असते. म्हणजे ही आई पाच महिन्यांची असताना गाभण राहिली. वर रंगाच्या रकान्यात 'काळा' लिहिलंय आणि माझा पग बिस्किटाच्या रंगाचा.

पुढे कळलं की खऱ्या नोंदणीत मायक्रोचिप असते आणि तिचा नंबर कागदावरच्या नंबराशी जुळावा लागतो. केनेल क्लब ऑफ इंडियाचं मुख्यालय चेन्नईला आहे, तिथे नंबरावरून चौकशी करता येते. माझ्या पगात चिपच नव्हती.

आता दुसरी बाजू. समजा कागद अस्सल निघाला असता, तरी मे महिन्यात फरक काय पडला असता? नागपुरात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की याचं ते चपटं नाक चालत नाही. कुत्रं धापा टाकून अंग गार करतं आणि याला धापच नीट घेता येत नाही. आम्ही कूलरसमोर ओला टॉवेल अंथरतो, तो त्याच्यावर पोट टेकवून पडतो आणि घोरतो. डॉक्टर म्हणाले, हे नाक असंच चपटं व्हावं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या जोड्या लावल्यात. म्हणजे हा दोष त्याच्या पेडिग्रीतून पडलेला खड्डा नाही, पेडिग्रीनं मुद्दाम खणलेला आहे.

शब्दपाखरू · सोमवार, सकाळी ८:००

पगवाले, यात इतिहासाचाही हात आहे. इंग्रजांनी आधी रेसच्या घोड्यांची वही केली. वेदरबीच्या 'जनरल स्टड बुक'चा पहिला खर्डा १७९१ चा. आजच्या प्रत्येक थरोब्रेड घोड्याचं बापाकडून बापाकडे मागे गेलं की तीनच नर लागतात, बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. मग १८२२ ला शॉर्टहॉर्न गाईंची वही आली. लंडनचा केनेल क्लब १८७३ चा. वही एकदा बंद केली की तिच्यात नाव असलेल्यांचीच पिल्लं तिच्यात जातात, बाहेरचं रक्त आत येत नाही. त्यात एखादा नर गाजला की सगळे त्याच्याकडे धावतात. पाच-सहा पिढ्यांनी आईकडूनही तोच पणजोबा आणि बापाकडूनही तोच. तक्त्यात सोळा घरं असतात, पण नावं भरतात अकराच.

अर्धंवर्तुळ · नागपूर · सोमवार, दुपारी ३:३०

मी सिकलसेलच्या, म्हणजे आई-बापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराच्या, समुपदेशनाचं काम करते. आमच्या ओपीडीत पेडिग्री हा रोजचा शब्द आहे, फक्त तो माणसांचा. पोटाला चिमटा काढणारा तक्ता असतो तो.

कोऱ्या कागदावर मी काढत जाते आणि समोरचे सांगत जातात. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ. आजार असेल तर आकृती पूर्ण काळी, नुसता वाहक असेल तर अर्धी. नात्यातलं लग्न असेल तर मधली रेघ दुहेरी. आपल्या विदर्भात हा आजार बराच आहे, तेव्हा 'एएस' म्हणजे वाहक, 'एसएस' म्हणजे आजारी, ही अक्षरं खेड्यातल्या आजीलाही पाठ असतात. आई आणि बाप दोघं एएस असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारातली एक शक्यता बाळ एसएस असण्याची. 'प्रत्येक' हा शब्द मी दोनदा म्हणते. पहिलं पोर एसएस निघालं म्हणजे पुढची तीन सुटली, अशी बऱ्याच जणांची समजूत असते.

मागच्या वर्षी एक कुटुंब आलं होतं. सून, नवरा, सासू आणि तीन वर्षांचं पोर. पोराचा रिपोर्ट एसएस. सासूबाई पहिल्यापासून ठाम, "आमच्या घराण्यात हे नाही, हिच्याकडून आलं." मी काही न बोलता सगळ्यांच्या तपासण्या लावल्या आणि पुढच्या खेपेला कागद पुढे ओढला. सुनेचं वर्तुळ अर्धं भरलं. सासूबाईंनी मान हलवली. मग नवऱ्याचा चौकोन अर्धा भरला. मग त्यांना विचारलं, "आई, तुमचं वर्तुळ कसं भरू?" त्यांचा रिपोर्ट माझ्या हातात होता, एएस. त्या बराच वेळ त्या अर्ध्या काळ्या गोळ्याकडे बघत बसल्या. शेवटी म्हणाल्या, "माझा भाऊ नवव्या वर्षी गेला. सांधे धरून रडायचा. आम्ही वात म्हणत होतो." मी वरच्या ओळीत एक चौकोन काढला आणि त्यावर तिरपी रेघ मारली. गेलेल्या माणसाला ती मारतात.

आम्ही याला 'घरचा नकाशा' म्हणतो. शासकीय फॉर्मवर वंशावळ तक्ता आहे, पण तो शब्द उच्चारला की लोक जातीचे दाखले काढायला लागतात.

दाखलखारीज · सोमवार, संध्याकाळी ६:०५

काढणारच ना. आमच्या वस्तीत दरवर्षी बारावीची पोरं जात पडताळणीला बसली की वंशावळीचा हंगाम सुरू होतो. ओबीसी असाल तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा, म्हणून आजोबांच्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, ते नसेल तर कोतवाल बुकाची नक्कल. माझ्या आजोबांचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेचं आहे, श्रावण, सावन आणि सावण्या. तिन्ही एकच माणूस, हे शपथेवर लिहून दिलं.

पण गोठाकाकांचं वाचून मला वेगळीच गोष्ट खटकली. माझ्या पोरीच्या वंशावळीत माझे वडील, आजोबा, पणजोबा, चुलत आजोबा सगळे आहेत. माझी आई नाही, आजी नाही, खुद्द पोरीची आई नाही. बापाकडूनच मोजतात. बैलाच्या कागदात मात्र सगळा भाव मायला.

गोठा_नंबर_चार · सोमवार, रात्री ८:१५

दाखलखारीजभाऊ, आईचं दूध मोजावं लागतं म्हणून तिचं नाव येतं. तसा काही मान नाही तो.

पटावरचा · काटोल तालुका · सोमवार, रात्री ९:५०

माह्या बापानं शंकरपटात जोड्या पळोल्या, म्हणून दोन शब्द. पटावर कागद कोणाले पाहाले वेळ नसते. तिथं विचारते, "कोणाच्या गोठ्यातला होय?" एवढ्यावर भाव ठरते. अमुक पाटलाच्या गोठ्यातला म्हटलं की लोक बैलाची शेपटी उचलून पाहाचं सोडून देते. आमच्या घरी गवळाऊ होते, पांढरे फेक, तोंड लांब निमुळतं, डोळे बदामासारखे, शिंगं आखूड. भोसल्याच्या फौजेच्या गाड्या याईनंच ओढल्या असं बाप सांगे. मायचं दूध आम्ही कधी नाही विचारलं. मायचा पाय विचारला. तिच्या आधीच्या गोऱ्ह्यानं पट मारला का, हे विचारलं.

अन् ज्याचा ठिकाणा लागत नाही तो 'बजारू'. बाजारातून आणला, मायबाप माहीत नाही. पण बजारू बैलानं पट मारला की पुढच्या वर्षी त्याचा पयला मालक शोधाले लोक दोन तालुके पालथे घालते.

निळीशाई · सोमवार, रात्री १०:२०

पटावरचा दादा, 'कोणाच्या गोठ्यातला' हे तर बुधवारपेठींचं गोत्रच झालं.

तर्रीवाला · सोमवार, रात्री १०:३५

मंग आमच्या मोत्याचं गोत्र सक्करदरा नाली.

उंबरठा · बुधवार, सकाळी ११:००

दोन दिवस गप्प होते, कारण तुमचं सगळं घेऊन पुस्तिकेवर पुन्हा बसले होते.

एक शब्द मिळणार नाही हे लक्षात आलं आणि एकदम सुटल्यासारखं वाटलं. नोंदणीच्या प्रकरणात मी 'वंशनोंद' केलंय. कोशात नसेल, पण वाचताना अडत नाही आणि त्यात कागद आहे. वळू निवडायच्या प्रकरणात 'मायबापाची नोंद पाहून निवड'. शासकीय शब्द एकदाच दिलाय, म्हणजे अधिकारी रागावायला नको. 'पेडिग्री बुल' तीन ठिकाणी होता, तिथे 'नोंदीचा वळू'. जातिवंत फक्त एका जागी ठेवलाय, गवळाऊच्या अंगलक्षणांच्या परिच्छेदात, जिथे खरंच डोळ्यांनी बघायचं आहे. निळीशाई, तो खटकला तर सांग.

एक जागा अजून अडली आहे. मूळ मजकूर म्हणतो, गवळाऊ ही नोंदणीकृत जात आहे आणि त्याच परिच्छेदात म्हणतो, बहुतेक गवळाऊ जनावरांना पेडिग्री नाही. वाचणाऱ्याला हे उलटसुलट वाटणार.

भाच्याचं म्हणाल तर काल वाडीकडे एका घरी पिल्लं पाहून आलो. मी आत शिरल्या शिरल्या म्हटलं, आधी माय दाखवा. मागच्या अंगणात कूलरच्या वाऱ्यात पडली होती, पिल्लं पोटाला चिकटलेली. चार वर्षांची आहे म्हणाले. चिपचं विचारलं तर मालक म्हणाला, नंबर रविवारी देतो. पिल्लं पाच आठवड्यांची आहेत आणि आठ आठवड्यांच्या आत विकता येत नाहीत, असा २०१७ चा नियम त्यानं स्वतःहून सांगितला. तेवढ्यावरून मला माणूस बरा वाटला.

गोठा_नंबर_चार · बुधवार, दुपारी १२:४०

उलटसुलट नाही, दोन वेगळ्या वह्या आहेत. जातीची नोंद कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोत होते. अशा रंगाची, अशा तोंडाची, या भागातली गाय म्हणजे गवळाऊ, एवढंच ती वही सांगते. आपल्या पूर्णाथडी म्हशीची आणि कठाणी गाईची अशीच नोंद झाली. पण अमुक शेतकऱ्याच्या दावणीची लक्ष्मी कोणाची लेक, हे त्या वहीत नसतं. ते हवं तर गायीच्या कानात बारा अंकी बिल्ला लागतो आणि दर वेळी कांडी भरताना तिच्या नावावर वळूचा नंबर चढवावा लागतो. तुम्ही असं लिहा, 'जात नोंदलेली आहे, जनावर नोंदलेलं नाही.'

आणि एक. तक्त्यात 'मायचं दूध' ठेवलंत ते छान, पण खाली लिटर लिहिलंय. वेताची नोंद किलोत असते. शेतकरी डेअरीवर लिटरनं घालतो, त्यामुळे तो लिटरच समजणार. तिथे 'किलो, एका वेताचे' असं स्पष्ट टाका.

उंबरठा · बुधवार, दुपारी १२:५५

टाकलं. आणि 'जात नोंदलेली आहे' हे वाक्य जसंच्या तसं घेतलं, काका.